ओढ, पौंडांत

टायरच्या दुकानामागे जी खोली आहे,
बाप जिथे मासेमारीची इंजिनं खोलून बसायचा,
तिथे मी धनुष्यं दुरुस्त करते.
ओढ मोजायचा काटा छताला टांगलाय,
मुळात तो मासे तोलायचा.
ऑक्टोबरात सरोवराकडून वारा सुटतो,
मेपलची पानं उंबऱ्यातून आत येतात
आणि त्यांच्या मागोमाग पोरं :
सत्तर पौंडांचं दाखव.

दाखवते.
हातात घेतात आणि लगेच आभाळाकडे रोखतात,
जणू हरीण ढगात चरतंय.
कंबर मागे, मान आखडलेली, कानशिलं लाल,
ओढतात एकदाची!
मी म्हणते, आता हळूच परत आण,
बाण नसताना सोडलंस तर हाडं मोडतील,
धनुष्याची.
आणि एवढी कवायत
हरीण बघत उभं राहत नाही.

कोपऱ्यात स्टूल आहे. त्यावर बसायचं,
दोन्ही पाय जमिनीपासून उचलून,
धनुष्य छातीसमोर, सरळ,
आणि पाण्यातून वल्हं ओढावं तसं सावकाश ओढायचं.
मग धरून ठेवायचं.
मी कॉफी ओतते, साखर घालते, ढवळते,
एक घोट घेते, खिडकीबाहेर बघते.
तोवर हात थरथरला नाही तर ते तुझं.
थरथरला तर पाच पौंड उतरव.
मचाणावर चार तास बसल्यावर
खांदा जुन्या बिजागरीसारखा होतो,
अंगावर तीन थर लोकर असते,
आणि हरीण येतं ते नेमकं
तू नाक पुसत असताना.

काही जण ऐकतात.
काही जण पलीकडच्या गावातल्या दुकानात जातात.

मी एकोणीसची होते.
भावाचं नेलं होतं, न विचारता. अठ्ठावन्न.
हरिणी आली, मी ओढलं,
तिने मान वर केली आणि तशीच उभी राहिली.
मीही.
किती वेळ ते माहीत नाही, पण माझ्या हाताला माहीत होतं.
बाण मी सोडला नाही, तो सुटला.
मागच्या मांडीत.
रात्रभर टॉर्च घेऊन नेच्यांवरचे थेंब शोधले,
पहाटे दलदलीपाशी ते संपले.
माझं तेव्हापासून बेचाळीस आहे.
पातं वस्तराच्या धारेचं, बाण जरा जड,
आणि वीस पावलांच्या पुढे मी सोडत नाही.
कुणी हसलं तर मी त्याला स्टूल दाखवते.

काल ताउनो लेपिस्तो आला.
चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत, आता सत्तरीपार,
धनुष्य ब्लँकेटात गुंडाळून, आजारी मांजर आणावं तसं.
म्हणाला, दोरी कुरकुरते.
मी ओढून पाहिलं. दोरी गप्प होती.
मग तो ओढू लागला,
आणि कुरकुर मला ऐकू आली, कॉलरच्या जरा खाली.
आम्ही दोघांनी दोरीकडे बघितलं.

मेण लावते, म्हटलं.
त्याच्यासमोर लावलं, बोटांनी, गरम होईपर्यंत चोळून.
मग त्याला कॉफी आणायला पाठवलं
आणि किल्ली घेतली.
वरचा बोल्ट तीन फेरे, खालचा तीन,
दोन्हीकडे सारखे, नाहीतर धनुष्य रुसतं.
काट्यावर चौसष्टाचे पंचावन्न झाले.
तो आला तेव्हा मी फडक्याने हात पुसत होते.

मागच्या अंगणात गवताची गाठोडी रचली आहेत.
त्याने ओढलं. आभाळाकडे नाही, सरळ.
धरून ठेवलं. पलीकडे कुणाचं तरी कुत्रं भुंकून थांबलं,
तरी धरलेलंच होतं.
सोडलं तेव्हा बाण
नेमापेक्षा चार बोटं खाली लागला.

तो बाणाकडे बघत राहिला.
पन्नास हंगाम ज्याने नेम धरला
त्याला चार बोटांचा हिशेब कळत नसेल?
माझ्याकडे बघितलं नाही.
खिशातून छोटी किल्ली काढली, चष्मा कपाळावर सरकवला,
आणि साइटची पिन
स्वतःच, केसभर केसभर, खाली घेतली.

मेण चांगलं आहे, म्हणाला.
किती झाले?
दोन डॉलर, मी म्हटलं, मेणाचे.
त्याने पाच ठेवले
आणि सुट्ट्यासाठी थांबला नाही.